मिठाची खोली

९ जून २०२५, सोमवार. सकाळ.
आजपासून कामाला लागलो. मे महिन्यात टीव्हीवर सायरन, ब्लॅकआऊट, मॉक ड्रिल असं दिवसभर चालू होतं. बदनापुरात लोकांनी त्यावर जोक फॉरवर्ड केले आणि विसरून गेले. मी विसरलो नाही. सगळी नोकरी सरकारी गोदामात कारकून म्हणून झाली. साठा कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये.
प्लॅन तीन भागांत. एक, रोख रक्कम. लहान नोटांत, पत्र्याच्या पेटीत. दोन, चांदी. नोटा चालेनाशा झाल्या की कामाला येईल. तीन, अदलाबदलीच्या वस्तू. चांदीसुद्धा कुणी घेईना झालं की.
चौथ्या भागाची गरज पडणार नाही.
माझी बायको दैवशाला, तिला जाऊन आता वर्ष होत आलं. त्या दुपारी दवाखान्यात डिपॉझिट मागितलं आणि सर्व्हर डाऊन होता. मी उन्हात एटीएम शोधत फिरलो. परत आलो तेव्हा वॉर्डबॉय तिच्या चपला पिशवीत घालत होता. डॉक्टर म्हणाले, पैशांसाठी काही थांबलं नव्हतं, फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावंच लागतं.
पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही. आणि कुणाला सांगायचं नाही. तसाही मी कुणाला काही सांगत नाही.

१४ जून, शनिवार
धर्मराजच्या किराणा दुकानातून मिठाची पोती आणली. शिवाय माचिस, चहापत्ती, कपड्याचा साबण, विडीची बंडलं. मी विडी ओढत नाही. पण संकटात माणूस भाकरीच्या आधी विडी मागतो, हे गोदामात हमालांकडे पाहून माहीत आहे. धर्मराज म्हणाला, काका, लोणच्याचा कारखाना टाकून राह्यले का? मी पैसे मोजून दिले. माल टेम्पोतून गल्लीत उतरवला. बरेच लोक बघायला जमले होते. एवढं सोडलं तर गुप्तता नीट पाळली.
सगळं मागच्या खोलीत लावलं. दैवशालाची खोली. रिकामीच होती. तिचा पलंग उभा करून भिंतीला टेकवला, जागा निघाली.

१७ जून
शेजारच्या मालनबाईंनी अडवलं. त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. दैवशालाची आणि त्यांची मैत्री जुनी. म्हणाल्या, भाऊ, लोकं म्हणून राह्यले का बाई गेल्यापासून तुम्ही विडी धरली. धरली तर धरली, पण पोत्यानं?
हसण्यावारी नेलं. मालनबाई चांगल्या आहेत, दूरदृष्टी नाही.

२१ जून, शनिवार
जालन्याला सराफ्यात जाऊन आलो. दैवशालाचे पैंजण, कमरपट्टा, आणि लेक शीतलचे लहानपणचे वाळे. दागिन्यांत घडणावळ असते, शुद्धता कमी. संकटात आटवून केलेली सपाट पट्टी हवी. सराफाचा मुलगा हरिओम ऐकेना. म्हणाला, काका, लोकं पट्टी आणून वाळे करून मागतात, वाळे आणून पट्टी कोणी मागत न्हाई. निदान वाळे तरी ठेवा, नातवंडं होतील. मी त्याला शांतपणे समजावलं की उद्या सगळी व्यवस्था कोसळली तर वाळ्यांना कोण विचारणार? तो म्हणाला, व्यवस्था कोसळली तर मी बी शटर पाडून गावाकडं जाईन, मंग तुमची पट्टी खरी का खोटी कोण सांगंल?
पोरगा विनोदी आहे. पट्टी करून घेतली.
आटवताना आत धूर होता म्हणून बाहेर उभा राहिलो. बाहेरही डोळ्यांना त्रास झाला.

२९ जून, रविवार
शीतलचा हसनाबादहून फोन. आमची एकुलती लेक. डोहाळजेवण छान झालं. श्रावणात इकडे येते म्हणाली. तिच्या सासूचं म्हणणं, तिकडे एकटा पुरुषमाणूस, कशाला त्यांना त्रास, बाळंतपण आपल्याकडेच करू. शीतल मला म्हणाली, आण्णा, आई न्हाई म्हणून माझं माहेर बी गेलं का?
मी म्हणालो, बिलकुल नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच. सगळं मी करणार.
तिला आईच्या खोलीत राहायचं आहे. तिथं उजेड येतो. खोली तयार आहे असं सांगितलं. येत्या रविवारी रिकामी करायची, म्हणजे ते खरं ठरेल.

६ जुलै, रविवार
आज एकादशी. उपासाच्या पोटी वजन उचलू नये. पुढचा रविवार नक्की.

१३ जुलै, रविवार
खोली रिकामी करण्याआधी एकूण साठ्याला किती जागा लागते ते कळायला हवं. म्हणून गहूही आजच आणून घेतला. तूर्त मागच्या खोलीत ठेवला.

१८ जुलै
अदलाबदलीची चाचणी. मंडईत मेथीच्या दोन जुड्यांना एक साबण असा भाव सांगितला. भाजीवाली म्हणाली, मामा, साबण नगं, स्कॅन करा. मी म्हणालो, समजा स्कॅनच बंद पडलं. तर म्हणाली, मंग उद्या द्या, तुम्ही कुठं पळून चालले? मी म्हणालो, समजा उद्या मीच राहिलो नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मेथी पिशवीत टाकली आणि म्हणाली, मामा, घरी जा, जेवा.
निष्कर्ष: लोकांची अजून तयारी नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
शीतल आली. जावई अंगदराव सोडायला आले होते, चहा घेऊन लगेच निघाले. ती सरळ मागच्या खोलीकडे गेली आणि दारातच थांबली. विचारलं, आण्णा, आईचा पलंग कुठंय? मी म्हणालो, मिठाच्या मागं.
तिनं खाली ठेवलेली पिशवी परत उचलली. मग म्हणाली, असू द्या, मधल्या खोलीत झोपते. समजूतदार आहे, माझ्यावर गेली. मधल्या खोलीत खिडकी नाही, पण पुढचं दार उघडं ठेवलं की हवा येते. आठ दिवसांचा प्रश्न आहे.
संध्याकाळी वरणाला मीठ नव्हतं. ती पोत्यातून घ्यायला निघाली. मी थांबवलं आणि धर्मराजकडून पुडा आणला. रिझर्व्हला हात लावला की तो रिझर्व्ह राहत नाही. शीतल आधी हसली. मी हसत नाही हे पाहून थांबली.

१० ऑगस्ट, रविवार
शीतलनं वाळे मागितले. बाळाला पहिल्या आंघोळीनंतर घालायचे, आई तसं सांगून गेल्ती म्हणे. मी म्हणालो, सुरक्षित आहेत. तिला बघायचे होते. पेटीतून पट्टी काढून दिली. शुद्धता, वजन, आजचा भाव, सगळं समजावलं. भाव तर चांगलाच वाढला आहे.
तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, ह्याच्यात वाळे कोणते आणि पैंजण कोणते?
मी सांगितलं, चांदी एकजीव होते, तसं सांगता येत नाही. ती जेवली नाही. या महिन्यांत अन्नावरची वासना जाते, असं ऐकलं आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
गव्हाला किडे लागले. शीतलच्या अंथरुणापर्यंत आले. ती म्हणाली, आण्णा, गहू कोणाला तरी देऊन टाका. ऐन वेळी साठा वाटून टाकायचा असतो का? खताच्या दुकानातून किडे मारायच्या गोळ्या आणल्या. दुकानदारानं विचारलं, घरात टाकायच्या न्हाईत ना? मी म्हणालो, गोदामात. एका अर्थी खरंच आहे.
गोदामात दरसाल हजारो पोत्यांना या गोळ्या लागायच्या. टाकायचे हमाल, पण सही माझी असायची. पद्धत पाठ आहे. गव्हात गोळ्या टाकून खोलीचं दार घट्ट लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं. शीतलला त्रास होऊ नये म्हणून तिला सांगितलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळ. दवाखाना.
सकाळी शीतलला मळमळ, डोकं जड. ॲसिडिटी. लिंबूसरबत करून दिलं. घरात लसणासारखा वास होता. तिला वाटलं मालनबाई चटणी करतायत. मग मालनबाई कढी घेऊन आल्या, त्यांना वाटलं आम्ही करतोय.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मालनबाईंनी विचारलं, भाऊ, गव्हात गोळ्या टाकल्या का? मी म्हणालो, हो, गोदामाच्या पद्धतीनं. त्यांच्या हातून कढीचं पातेलं तिथंच पडलं. शीतलला दंडाला धरून अंगणात ओढलं आणि ओरडल्या, पोटुशी लेक हाय घरात, काई डोस्कं हाय का न्हाई तुम्हाला! गल्लीतली सगळी दारं उघडली. त्यांचे मिस्टर रामकिसन रिक्षा घेऊन आले.
मी मागून निघालो. आधी कुलूप लावलं. साठा उघडा टाकून जाता येत नव्हतं.
इथं डिपॉझिट मागितलं. रोख पेटीत. पेटी मागच्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांचा वायू विषारी असतो, त्या घरात आता कुणीही पाऊल टाकायचं नाही. मी त्यांना सांगत होतो की पैसे आहेत, भरपूर आहेत, याच कामासाठी ठेवले आहेत. तेवढ्यात मालनबाईंनी मोबाईल काढून स्कॅन केलं. टिंग असा आवाज आला. सर्व्हर चालू होता.
बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. दोन दिवस ठेवून घेणार.
गोदामात असं कधी झालं नाही. अर्थात गोदामात कुणी झोपत नसे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
डिस्चार्ज. अंगदराव जीप घेऊन आले. मला म्हणाले, मामा, माझ्या तोंडून काही वाकडं निघायच्या आत मी हिला घेऊन जातो. तुम्ही तुमचं मीठ सांभाळा.
शीतल म्हणाली, न्हाई. पहिलं बाळंतपण माहेरीच करीन. आईची तशी इच्छा होती.
मला फार बरं वाटलं. शेवटी लेक ती लेक. जीप गल्लीत थांबली तसा मी घाईनं पुढे झालो, कुलूप काढलं, दार उघडून मागे वळलो.
ती मालनबाईंच्या दारात चपला काढत होती.
डॉक्टरांनी घर मोकळं ठेवायला सांगितलंच होतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे.

२ सप्टेंबर
खोली उघडली. किडे सगळे मेले आहेत. म्हणजे पद्धत बरोबर होती.
संकल्प: आठ दिवसांत खोली रिकामी, धुऊन, पलंग आडवा, खिडकीला पडदा. मग शीतलला घेऊन येणे.

११ सप्टेंबर, गुरुवार
मीठ ओल धरून दगड झालं आहे. पोती जागची हलत नाहीत. धर्मराजला फोन केला, अर्ध्या भावात घे म्हणालो. तो म्हणाला, काका, फुकट दिलं तरी ठिवू कुठं? विड्यांना बुरशी. गहू खड्डा करून पुरावा लागला.
मालनबाईंच्या फाटकाशी जाऊन शीतलला सांगितलं, चार दिवसांत खोली होते, खिडकी पुसून घेतली आहे. ती ओट्यावर बसून डोक्याला तेल लावून घेत होती. मालनबाईंनी तेल लावणं थांबवलं नाही. शीतल म्हणाली, आण्णा, असू द्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मुलगी झाली. दोघी सुखरूप. मालनबाईंनी गल्लीत जिलबी वाटली. मलाही दिली. रामकिसन म्हणाले, तोंड गोड करा भाऊ, आमच्या घरी लक्ष्मी आली. आनंदात माणूस शब्द जपून वापरत नाही.

२४ सप्टेंबर
काल मालनबाईंनी दोघींना दवाखान्यातून आपल्या घरी आणलं. भिंतीतून रडणं ऐकू येतं. आवाज खणखणीत आहे. शेगडीचा, बाळंतशेपांचा वास पण येतो. भिंत दोघांची सामाईक आहे. म्हणजे एका अर्थी बाळंतपण माझ्याही घरात चालू आहे.
खोलीत पलंग टाकला. एका बाजूला मीठ आहे, पण चादर टाकली की कळत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार
रामकिसन हळदीकुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन दारात आले. म्हणाले, उद्या आमच्याकडं बारसं हाय, यायचं बरं. त्यांना सांगणार होतो की माझ्याच नातीच्या बारशाचं आमंत्रण मला लागत नाही. तोवर ते पुढच्या दाराकडे गेले होते.

३० सप्टेंबर, मंगळवार
बारशाला गेलो. मांडव लहानच, पण नीटनेटका. हसनाबादची मंडळी सतरंजीवर एका बाजूला, गल्लीतली दुसऱ्या बाजूला. मला कुठं बसायचं ते कळेना. अंगदरावांनी सरकून जागा दिली, ते कसे आहात म्हणाले, मी बरा आहे म्हणालो. पाळण्याभोवती बायका होत्या, बाळ दिसलं नाही. नाव ऐकू आलं नाही, कुणाला विचारणं बरं दिसलं नसतं.
बारशाला माहेरच्यांनी सासरच्यांना आहेर करायचा असतो. मालनबाई आणि रामकिसन उठले. अंगदरावांच्या आईला लुगडं, वडिलांना धोतरजोडी, अंगदरावांना ड्रेसचं कापड. रीतसर केलं, कुठंही कमी पडू दिलं नाही.
मग रामकिसन टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा घेऊन पाहुण्यांच्या ओळीतून येऊ लागले. एकेकाच्या कपाळाला गंधाचं नाम लावून, टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर. माझ्यापाशी आले आणि जरा थांबले. मागे वळून शीतलकडे पाहिलं.
शीतलनं मान हलवली. द्या म्हणाली.
मी मान वाकवली. टोपी मापात बसली.