उंबऱ्याची उंची

ढगेवस्ती, ता. जामखेड
४ डिसेंबर १९७२

चि. सूर्यभान यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही जिवंत आहोत, यापलीकडे खुशाली काय लिहू? विहिरीचा तळ दिसतोय. दुष्काळी कामावर खडी फोडून तुझ्या दाजींच्या हाताची सालटं निघालीत. आता वस्तीच्या खालच्या अंगाला तलाव बांधणार आहेत. कुणी म्हणतं, घरं पाण्यात जाणार; कुणी म्हणतं, एवढ्या सपाट माळावर पाणी चढेल कसं? घर सोडायचं तर सासूबाईंना न्यायचं कुठं? गुडघ्यांनी बसल्यात, पण हट्ट अजून खणखणीत आहे.

तू मोजणीच्या कामावर आहेस. लहानपणी तुला समोरची म्हैस दिसत नव्हती, आता सरकारनं दुर्बीण दिलीय म्हणे! एकदा येऊन आमचा उंबरा पाण्याच्या वर की खाली, ते सांग. तू म्हणशील तसं करू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

नगर
१७ जानेवारी १९७३

ती. सौ. अक्कास सूर्यभानचा सा. न. वि. वि.

त्या दिवशी भाकरीच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही. तलावाच्या भिंतीची मापं दुसऱ्या तुकडीनं पलीकडच्या खुणेच्या दगडावरून घेतली, वस्तीकडची मी. तुमचा माळ दिसतो सपाट, पण ओढ्याकडे सारखा कललेला आहे. हातभर फरकानं अख्खी वस्ती इकडची तिकडं होते.

लिंबाखाली खुणेचा दगड सापडला. बायकांनी शेंदूर फासून त्याचा म्हसोबा केलाय. शेंदूर खरवडला तेव्हा बाणाची खूण दिसली. असा दगड रोवलेल्या जागेची उंची सरकारी वहीत लिहिलेली असते. तिथून मोजत तुझ्या दारापर्यंत आलो. तलाव काठोकाठ भरला तरी तुझा उंबरा पाण्याच्या दोन हात वर राहील. सासूबाईंना सांग, खुशाल बसा.

म्हसोबा रागावला असेल तर नारळ तू फोड. मला म्हशीशिवाय काही दिसतं, हे आता मान्य कर.

थोरल्या मायेचा धाकटा हक्कदार,
सूर्यभान

जामखेड
१६ सप्टेंबर १९७३

चि. सूर्यभान यास आशीर्वाद. वि. वि.

सासूबाई परवा गेल्या.

पाऊस लागून राहिला आणि तलाव भरला. पूर आल्यासारखं काही झालं नाही. पाणी नुसतं पसरत आलं, आवाज नाही की ओढ नाही. सकाळी गोठ्यापाशी होतं, दुपारी उंबऱ्याला लागलं. सगळी वस्ती निघाली. सासूबाई खाट सोडेनात. सूर्यभानानं मापलंय, पानी आत येनार न्हाई, एवढंच धरून बसल्या. दाजींनी उचलायला हात घातला तर अंगावर ओरडल्या. आम्ही बैलं सोडायला गेलो तेवढ्यात भिजलेली भिंत त्यांच्या अंगावर बसली. तेव्हा घरात पाणी हातभरच होतं.

तू दोन हात वर म्हणालास आणि पाणी हातभर वर आलं. मला राग आला आहे, तो लपवत नाही. चुकलं कुठं, तेवढं सांग.

त्यांचा म्हसोबाही बुडाला. पूर्वी तो टेकाडावर होता. टेकाड कसलं, तीन हातांचा उंचवटा. पण त्यांना तोही चढवेना. म्हणून तीन वर्षांमागं मीच पहारीनं उकरून, डोक्यावर घेऊन तो लिंबाखाली आणून बसवला होता. रोज पाणी घालायच्या. आता तेही संपलं.

आम्ही जामखेडला धर्मशाळेत आहोत. पुढं काय, ठाऊक नाही.
अक्का

नगर
२१ सप्टेंबर १९७३

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र किती वेळा वाचलं, सांगता येत नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच, की दुर्बिणीतला आकडा मी चुकीचा वाचला. तलावाच्या भिंतीकडच्या दगडावरून ताळा घेतला असता तर चूक तिथंच सापडली असती. तुझ्या घरी जेवायची घाई होती, घेतला नाही.

म्हसोबा खाली आणल्याचं लिहिलंस. ते पुन्हा कुणाला लिहू नकोस, बोलू नकोस. चौकशीला माणसं येतील, त्यांनाही नाही. त्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. म्हाताऱ्या सासूला देव जवळ आणून दिलास, त्यात वावगं काय केलंस? हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. तुझं मी घातलं आहे.

आकडा मीच चुकवला, असं साहेबांना सहीनिशी लिहून दिलं. उद्यापासून कामावर जायचं नाही. तेराव्याला येईन. दाजींना म्हणावं, हात उगारायचा तर उगारा, पण मला समोर येऊ द्या.

माया मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.
सूर्यभान