पुढे चोवीस, मागे सत्तावीस

३ फेब्रुवारी

हवा मोजायचा गेज हातातून सुटला. थेट फरशीवर. काच शाबूत – नशीब! बाबा म्हणाले, "बघून घे एकदा नीट." काय बघायचं? चाकाला लावला, काटा हलला. चालतोय.

८ फेब्रुवारी, रविवार

डोंगरवाटेवर जाणाऱ्यांच्या बारा सायकली आज आपल्या दुकानातून गेल्या. दारामागे मी तक्ता चिकटवलाय – माणसाचं वजन, टायरची रुंदी, पुढची हवा, मागची हवा. पासष्ट किलोच्या माणसाला पुढे चोवीस पौंड, मागे सत्तावीस. बाबांनी तीस वर्षं अंगठ्यानं दाबून चाकं दगडासारखी टणक केली. तसं चाक रस्त्यावर ठीक, वाटेवरच्या खडीत उड्या मारतं, पकड धरत नाही. थोडं मऊ हवं. फार मऊही नको, नाहीतर दगडावर आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि फाटते.

गटाचा म्होरक्या (सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात) म्हणाला, "तुझ्या हातची गाडी वाटेला चिकटून जाते." बाबांनी ऐकलं. घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती नुसती भिंतीवर टांगायला नाही, हे त्यांना दिसावं एवढंच मला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पकडलं. हवा भरून मी वर घरी चहाला गेले, उतरले तर बाबा पंप घेऊन प्रत्येक चाकाला दोन-दोन हात मारताहेत.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले थोडे दिवस. अंगठ्याला कमी लागतं गं."

"अंगठ्याला काय कळतं?"

कॅप्टनसमोर बोलले हे. तो हसला. बाबांनी पंप भिंतीला टेकवला, हात पुसले. "तुझा काटा तरी खरं सांगतो का बघ," एवढंच. मी म्हणाले, यापुढे माझ्या चाकांना हात लावायचा नाही. त्यांनी मान हलवली.

सगळी जादा हवा काढून परत चोवीस-सत्तावीस केली. बारा सायकली. उशीर झाला, पण नियम म्हणजे नियम.

२२ फेब्रुवारी, रविवार

गटातल्या एक, शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाई, पडल्या. उतारावर, दगडी पायऱ्यांवर. पुढचं चाक गेलं आणि त्या हँडलवरून पलीकडे. उजवं कोपर पार चुरडलंय. उजवं.

दुपारी कॅप्टन दुकानात. "हवा कोणी भरली होती?" मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, "मी. जुनी खोड. जास्त झाली असेल."

सांगितलं होतं ना? आठवडाही धीर धरवला नाही यांना!

२३ फेब्रुवारी

बाबांशी बोलले नाही.

१ मार्च, रविवार

कॅप्टन येऊन सांगून गेला, "म्हाताऱ्याचा हात लागणार नसेल तरच येऊ." मी हो म्हणाले. बाबा तिथेच पान्याला तेल लावत होते. पाना खाली ठेवला आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसले. आता कोणी आलं की म्हणतात, "आत जा, ताई बघतील." मला ताई!

संध्याकाळी बाईंना भेटायला गेले. हात पूर्वीसारखा वळणार नाही म्हणे. उशाशी वही होती. डाव्या हातानं पेला काढायला घेतला होता, पेल्याची एक कड दुसरीला मिळतच नव्हती. मी बाबांच्या वतीनं माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्यांना फार बोलू नकोस."

६ मार्च

बाईंची सायकल इतके दिवस कॅप्टनकडे पडून होती. आज आली. पुढची ट्यूब काढली. शेजारी-शेजारी दोन चिरा, सारख्या लांबीच्या. पुन्हा पाहिलं. हवा जास्त असेल तर ट्यूब अशी फाटत नाही. ही चिमटल्याची खूण आहे. हवा कमी होती.

आईला विचारलं, बाई पडल्या त्या रविवारी बाबांनी किती हात मारले होते? आई भांडी विसळत होती. "ते खाली उतरलेच कुठे? चपला घालून जिन्यात बसून होते. मी म्हटलं, जा की. तर म्हणाले, पोरगी नको म्हणालीय."

७ मार्च

सकाळी दुकान उघडल्याबरोबर ड्रॉवरमधून गेज काढला. समोर धरलाय. कशालाच लावलेला नाही. काटा आठावर उभा आहे.

म्हणजे माझे चोवीस खरे सोळाच.

बाहेर बाबा कोणालातरी सांगताहेत – आत जा, ताई बघतील.