सुशीच्या साक्षीने साखरपुडा

२० एप्रिल
ठरलं. आमच्या लेकीचा, मोहिराचा साखरपुडा घरी करायचा नाही. होणारे व्याही अब्रोर-आका ताश्कंदचे मोठे इंजिनिअर. त्यांना काय आमच्या अंगणात जर्दाळूखाली बसवायचं? रेगिस्तान चौकाजवळच्या पॅन-एशियन रेस्टॉरंटात २८ तारखेच्या रविवारी दुपारचं टेबल बुक केलं.
हुर्लिको (बायको) म्हणाली, अहो, दोन्हीकडच्या थोरल्यांनी मिळून नान मोडला की मुलगी दिली. आणि तो मुलीच्या घरीच मोडतात, हॉटेलात नाही. मी म्हणालो, तुला जग माहीत नाही. बावीस वर्षं गाइड आहे मी. निम्मं जपान त्या दारातून आत सोडलंय. तिथल्या जेवणातलं माझ्याइतकं समरकंदात कुणाला कळत नाही.
(प्रत्यक्ष खाल्लेलं नाही. गाइड-ड्रायव्हरांची पंगत मागच्या खोलीत असते, तिथले आचारी एरगाश-आका यांच्या शोरब्यावर. हे घरी सांगायची गरज नाही.)

२२ एप्रिल
चॉपस्टिकचा सराव सुरू. दोन पेन्सिली, वाटीभर काबुली चणे. पाच उचलले. उत्तम सुरुवात.

२३ एप्रिल
तीन. चणे जास्त भिजले होते.

२४ एप्रिल
सराव बंद. अंगभूत गोष्टी सरावाने बिघडतात. मोहिरा येऊन म्हणाली, बाबा, मला तो मुलगा खरंच आवडतो, काही गडबड नको हं. म्हटलं, पोरी, तुझा बाप आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच तर.

२७ एप्रिल
भांडण. हुर्लिकोला पिशवीत दोन नान न्यायचे होते. मी साफ नाही म्हणालो. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी दारावर पाटी आहे. पर्यटकांना ती मीच वाचून दाखवतो! शिवाय पॅन-एशियन म्हणजे अख्खा एशिया. समरकंद कुठे आहे? एशियात. म्हणजे नान असणारच. तिची पिशवी पुन्हा खुंटीला.

२८ एप्रिल, सकाळी ६
नवा टाय. भाषण तोंडपाठ. आज मुळीच घाबरायचं नाही.

२८ एप्रिल, दुपारी १:२०. बाथरूममध्ये
नान नाही. मेन्यू तीनदा वाचला. थायलंड आहे, कोरिया आहे, व्हिएतनाम आहे. अख्ख्या एशियात फक्त आम्ही नाही.
अब्रोर-आकांची आई, ऐंशी वर्षांच्या बिबी, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. सुशी आली, त्या हलल्या नाहीत. नान मोडल्याशिवाय कशाला हात लावणार? म्हणून मी त्यातल्या त्यात गोल आणि पांढरं काय ते मागवलं. जपानी मिठाई, तांदळाच्या पिठाचा गोळा. एक बाजू बिबींनी धरली, एक मी. मोडेना. नुसता ताणला जाऊ लागला. हातभर ताणला तरी तुटेना. बिबी म्हणाल्या, बाळा, नातं जोडायचंय की चिकटवायचंय?
अब्रोर-आका म्हणाले, आज काही योग दिसत नाही. पुढं कधीतरी बघू. मोहिराने मान खाली घातली ती वर केली नाही. मी हात धुऊन येतो म्हणून इकडे आलो. काय करावं सुचत नाही. खिडकी फार लहान आहे.

२८ एप्रिल, संध्याकाळी ५
बाहेर आलो तर समोर वेट्रेस दिलनवोझ. मोठ्यांदा म्हणाली, अगंबाई, निझोम-आका, तुम्ही आज इकडे कुठं बसलात? तुमचं ताट मागं वाढून ठेवलंय! सगळ्या टेबलाने ऐकलं.
बिबींनी विचारलं, मागं काय आहे? मी म्हणालो, काही नाही. दिलनवोझ म्हणाली, आमच्या घरच्या माणसांचं जेवण, बिबी. शोरबा आणि तंदूरमधून आत्ता काढलेला नान.
बिबी उठल्या. आई उठली म्हणून अब्रोर-आका उठले. मग सगळेच.
मागच्या खोलीत दोन ड्रायव्हर जेवत होते, ते सरकले. एरगाश-आकांनी हात पुसले आणि टेबलावर नान ठेवला. मी टाय सारखा करून पुढे झालो. बिबी म्हणाल्या, मुलीकडचं थोरलं माणूस कोण? एरगाश-आका माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. त्यांनी आणि बिबींनी मोडला. कट् असा सुरेख आवाज आला. दुवा मागितली गेली. भाषण माझ्या खिशातच राहिलं. मोहिरा हसत होती आणि रडत होती. मीही रडलो. शोरब्याची वाफ डोळ्यांत गेली असं सांगितलं.
हुर्लिकोने हळूच विचारलं, म्हणजे बावीस वर्षं तुम्ही इथं बसता? मी म्हणालो, क्वचित. एरगाश-आका म्हणाले, रोज. आणि दुसरा वाडगा मागून घेतात.

३० एप्रिल
लग्न सप्टेंबरात. बिबींच्या हुकमावरून आमच्याच अंगणात, जर्दाळूखाली. आज कामं वाटली. स्वयंपाक एरगाश-आका. भाषण एरगाश-आका. मी विचारलं, आणि मी? हुर्लिको म्हणाली, अहो, तुम्ही पाहुण्यांना दारापर्यंत आणून सोडा. त्यातला तुमचा अनुभव दांडगा आहे.