तुळशीजवळचा खड्डा

२१ एप्रिल

साधनाने गाडी आणली. बॅटरीची स्कूटर, पांढरी. कैलाश पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, आता पेट्रोलचं टेन्शन नाही." याला तिकडे बसून कसलं टेन्शन! सून माझ्याजवळ. साकोलीच्या दवाखान्यात नर्स, रोजचं जाणं-येणं.

शेजारची मालनबाई कुंपणावरून म्हणते, "काहो, तुमच्या सुनेची गाडी आवाजच नाही करत! भुतावानी मागं येऊन उभी झाली. मी तं शेणाचं टोपलं टाकून पळत होती!"

हसले. पुष्कळ दिवसांनी.

मग साधनाने ओसरीतल्या बोर्डात पिन लावली. हसू तिथंच संपलं.

२२ एप्रिल

झोप नाही. रात्रभर ओसरीत करंट.

हे गेले ते पंपाच्या बटणावर. धानाच्या ओल्या बांधीत, अनवाणी. तेव्हापासून घरातलं साधं बटणही मी चपला घालून दाबते. झोपताना मेन स्विच बंद. आता साधनाच्या गाडीसाठी चालू ठेवायचा.

२७ एप्रिल

गाडीसोबतचं पुस्तक वाचून काढलं. शाळा चौथीपर्यंतच – पण हे पुड्याचा कागदही वाचायला आणून द्यायचे. ती सवय राहिली.

पुस्तकात लिहिलंय, अर्थिंग असलेल्या बोर्डातच पिन लावा. आपल्या बोर्डाला आहे का? साधना म्हणते, "असंल ना, आई."

असेल! पंपालाही असेल, असंच सगळे म्हणायचे.

पेपरात आलंय, जागोजागी चार्जिंगची सोय होणार. गावांची नावं वाचली. आमची सानगडी नाही.

३ मे

रात्री गडगडलं. उठून मेन स्विच बंद केला. हात आपोआपच गेला.

साधना अर्ध्या चार्जिंगवर गेली. येताना गाडी रस्त्यात बंद. भर उन्हात ढकलत आणली. तांब्याभर पाणी प्यायली, मग म्हणाली, "मेन तुम्ही बंद केला?"

"हो."

चिडली नाही. चिडली असती तर बरं. "साकोलीत खोली पाहून राहिली मी, आई. खाली चार्जिंग आहे तिथं. रविवारी येत जाईन."

"बरं," म्हटलं.

४ मे

बरं कसलं!

८ मे

धनीराम वायरमनला मीच बोलावलं. बोर्ड उघडून म्हणाला, "काकू, अर्थिंग नाहीच इथं! कोणाच्या भरवशावर होत्या?"

तुळशीजवळ खड्डा खणला. तांब्याची पट्टी उभी केली, तिची तार बोर्डाला जोडली, भोवती मीठ आणि कोळसा. मालनबाई आलीच – "काय पुरून राहिला रे? सोनं?"

"करंट पुरून राहिलो, मावशी! तुम्ही खणाल तं चिपकाल."

मग मला म्हणाला, "उन्हाळाभर याले रोज पाणी टाकत जा, काकू. सुकलं का काम नाही करत."

मी विचारलं, "पंपाला असं असतं तर?"

तो कोळशाचे हात पुसत बसला. पुसून झाले तरी पुसत होता. "वाचले असते बहुतेक."

रडले नाही. बादली भरून आणली.

९ मे

तुळशीला पाणी घातलं. मग खड्ड्याला.

१२ मे

साधना खोलीची चावी घेऊन आली. खिळ्याला अडकवली. रविवारी सामान नेणार. खड्ड्यात पाणी ओतताना ती दारातून बघत होती.

१५ मे

साधना चावी परत देऊन आली. म्हणाली, "तुम्ही रोज पाणी टाकून राहिल्या, मंग मी कायले जाऊ?"

ती हातपाय धुवायला गेली. गाडीची पिन मी लावली. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

मागून ती ओरडली – "आई, चपला!"

खाली पाहिलं. पाय अनवाणी.