फोटोखालचा मजकूर

१२ फेब्रुवारी १९८१
खाटकाने आज ओडेलीमावशीला टोपी काढून सलाम केला! वर सूपसाठी नळीची हाडं फुकट. "मावशी, तुम्ही होतात होय त्यात? आणि आम्ही मेले काय काय बोलत होतो!"

एकोणपन्नास वर्षं या गावात मावशीचं नाव 'संपफोडी ओडेली'. बत्तीस सालचा संप मोडून ती गिरणीत गेली, असं बोललं जायचं. ती कधी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आणि आता मी वाचनालयात मांडलेल्या प्रदर्शनात, भिंतीवर हातभर उंचीचा तिचा फोटो – बर्फातून गिरणीच्या चढावर निघालेल्या पाच पोरी, हातात हात घट्ट गुंफलेले, मधली मावशी. बावीस वर्षांची. कसली सुंदर दिसायची! आईसारखीच जिवणी.

खाली माझा मजकूर: 'संपकरी स्त्रियांची साखळी, १९३२.'

आजवरच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय की बॉस्टनकडच्या गिरण्यांत कामाला आलेल्या आमच्या फ्रेंच बायका पाद्री सांगेल तशा वागायच्या, संपाबिंपात नसायच्या. मेंढरं! कॉलेजात तीस वर्षं मला तेच शिकवावं लागलं. आता हा फोटो सापडला. मेंढरं अशी हात गुंफून चालतात का?

१५ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मावशीभोवती घोळका. तिने नवी टोपी घातली होती. सत्तरी उलटल्यावर नवी टोपी!

मादाम पेलाँ मात्र नेहमीसारख्या पलीकडच्या बाकावर. त्यांचे यजमान अर्माँ संपाचे पुढारी. संप फसल्यावर कुठल्याच गिरणीने त्यांना दारात उभं केलं नाही. जन्मभर नदीवर बर्फ कापला, छाती खराब झाली, गेले. मादाम पेलाँ त्या संपापासून मावशीशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

त्या प्रदर्शनाला आल्या होत्या. फोटोसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या. पर्स मिटली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. म्हटलं, इतक्या वर्षांचा राग असा एका दिवसात थोडाच जाणार.

१७ फेब्रुवारी
कसं लिहू.

मावशीकडे वाटाण्याचं सूप प्यायला गेले होते. सहज म्हटलं, कॉलेजातल्या मुली विचारतात, ती हातांची साखळी कुणाला सुचली? मावशी अशी हसली की चमचा खाली पडला.

"सुचायचंय काय त्यात, लोरेट? त्या चढावर बर्फ किती असायचा! एकटी गेलीस की घसरलीस – थेट पुलापाशी! रोज तशाच जायचो आम्ही कामाला."

"पण त्या दिवशी तर संप होता."

"होता ना."

तिने भांडी गोळा केली. नळ सोडला.

"फाटकावरचे संपकरी आम्हाला बर्फाचे गोळे मारत होते. फोटोत ते दिसत नाहीत. फोटोवाला त्यांच्याच बाजूला उभा होता."

मी विचारलं, का गेलात? "कारण नाही सांगायची. सांगितलं की तू त्याचं एक प्रकरण करशील." बाकीच्या चौघी कोण? "मेल्या सगळ्या." पटकन म्हणाली.

आणि दारात मला कोट घालून देताना, अगदी हळू: "मी मेल्यावर लिही, बाळ. तोवर हे एवढं राहू दे मला. खाटीक सलाम करतो गं."

ती माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. फोटो भिंतीवर लावण्याआधी तिला एकदा विचारलं का नाही मी? तिला चकित करायचं होतं म्हणे! खरं म्हणजे मला मेंढरं नको होती. मला हवं ते मी फोटोत बघितलं.

२२ फेब्रुवारी
मावशी आज पुन्हा नव्या टोपीत. मादाम पेलाँ बाहेर पडताना माझ्याजवळून गेल्या. डोळे खाली. मला कळलं – जिच्या नवऱ्याने संपापायी सगळं घालवलं, तिने भिंतीवर संपफोडीचा सत्कार बघायचा! त्यांना खरं माहीत असणारच. म्हणून त्या पर्स मिटून निघून गेल्या. आणि अर्माँ पेलाँचा त्या प्रदर्शनात एकही फोटो नाही.

सिस्टर बेनेदिक्त शाळेत म्हणायच्या, "खोटं बोललीस तर एकाचं नुकसान. खरं दडवलंस तर कुणाचं झालं तेही कळत नाही." सात-आठ वर्षांच्या पोरींना कोण सांगतं असलं काही! पण त्यांच्या हाताला साबणाचा वास यायचा आणि त्या म्हणतील ते सगळं मला पटायचं.

४ मार्च, राखेचा बुधवार
चर्चमध्ये पश्चात्तापाची राख कपाळावर लावून घेतली आणि तशीच वाचनालयात गेले. मजकूर बदलला. 'संपाच्या काळात कामावर निघालेल्या स्त्रिया, १९३२. आधीचा अर्थ चुकीचा होता. चूक माझी. – लो. बे.'

ग्रंथपाल म्हणाला, "बाई, कुणी तक्रार केली का?"

"नाही."

"मग चांगला चाललेला संप कशाला मोडता?"

स्वतःच्या विनोदावर हसला. मी मादाम पेलाँसाठी मजकूर बदलला. मावशीला सांगितलं नाही. उद्या सांगेन.

५ मार्च
नाही सांगितलं.

६ मार्च
तिला कळलंय. दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

९ मार्च
खाटकाकडे गेले. "हाडं संपली," म्हणाला. मागे आकड्याला लटकत होती.

काल चर्चमध्ये अख्ख्या बाकावर मावशी एकटीच. डोक्यावर जुनाच रुमाल. मी शेजारी जाऊन बसले तर उठली आणि मागच्या बाकावर गेली. सगळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी बॉस्टनहून प्राध्यापक व्हिटमोरचा फोन. कुणीतरी कळवलंय त्याला. "शाबास! स्वतःचाच निष्कर्ष खोडायला हिंमत लागते. आता कामगारांमधल्या फुटीवर एक लेख होऊन जाऊ दे. मावशींची मुलाखत मिळेल ना?"

मी फोन ठेवला. मग रडले. बत्तीस साली मी सहा वर्षांची होते, आई आजारी होती, आणि रोज संध्याकाळी मावशी यायची आणि माझे केस विंचरायची. तिच्या बाह्यांवर कापसाचे तंतू असायचे. संप चालू असताना ते कुठून यायचे, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडलाच नाही. इतिहासकार!

१५ मार्च, रविवार
मिस्सा सुरू व्हायच्या आधी मादाम पेलाँ काठी टेकत मधली वाट ओलांडून आल्या. मावशीच्या बाकापाशी थांबल्या. "सरक, ओडेली." मावशी सरकली.

नंतर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं, चारचौघांत. "फोटोत तुझ्या मावशीच्या डाव्या हाताला आहे ती मी. मजकुरात नाव घाल. तेव्हा अर्माँशी ठरलं होतं माझं. त्याला मरेपर्यंत कळू दिलं नाही मी. आणि हिनेही."

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकोणपन्नास वर्षं हिचं गुपित सांभाळलं होतं."

मी मादाम पेलाँसाठी मजकूर बदलला – असं वर लिहिलंय मी.