गाडी वळणावर का थांबली

सोमवार, १४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळे मजेत. आईचा गुडघा कुरकुरतो, ती मात्र कुरकुरत नाही. तुझ्या हॉस्पिटलातल्या पाळ्या कशा चालल्यात? फोनवर तू मला फार बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी गोड बातमी. आपण जिंकलो! आजोबांच्या काळात सरकारने 'राखीव' म्हणून काढून घेतलेली टेकडी, पार नदीपर्यंत, पुन्हा आपल्या लोकांची झाली. तुझी धाकटी बहीण कोर्टात काय बोलली म्हणून सांगू! सरकारी वकिलांची पार भंबेरी उडाली. आता ते अपिलात जातील म्हणतात. जाऊ देत. तिथेही मी आहेच.

टेकडीबरोबर तुझ्या निवासी शाळेची जागाही मिळाली. हे लिहू की नको, असं चाललं होतं. पण आता सुरुवात केलीच आहे, तर सगळंच सांगते.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, "डोंगरातली मुलं शाळेत कोणी जबरदस्तीने नेली नव्हती. आईबापांनी राजीखुशीने दिली."

मी आईला साक्षीला उभं केलं. आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन. त्या कोर्टात आपली भाषा पहिल्यांदाच बोलली गेली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "थोरल्या मुलीला तुम्ही स्वतः पाठवलंत?"

आई म्हणाली, "मी गाडीपुढे आडवी झाले. वळणावर. गाडी थांबली. दोन शिपायांनी मला उचलून कडेला नेलं, तोंड दाबून धरलं. गाडी निघून गेली."

दुभाष्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तू एकदा म्हणाली होतीस ना, की गाडी वळणावर थांबली तेव्हा तुला वाटलं, आई आली. आणि कोणीच आलं नाही? ताई, ती आली होती.

मला हे ठाऊकच नव्हतं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. शाळेतून तू परत आलीस ती आपली भाषा विसरून. आईला तुझी भाषा येत नव्हती. तुम्ही दोघी चुलीपाशी नुसत्या बसून राहायचात, आणि मग तू शहर गाठलंस. "तिने मला देऊन टाकलं, तुला ठेवलं," असं तू म्हणायचीस. मीही तेच खरं मानत आले.

परवा इमारतीचं काय करायचं, म्हणून सगळे जमले. शाळेत दोन भाऊ गमावलेले काका म्हणाले, "उद्याच पाडा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर बुलडोझरवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

आई म्हणाली, "थांबा. माझी पोरगी अजून आत आहे."

काका उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. इमारत तशीच उभी आहे.

तू नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण आलीस, तर मी दुभाषी होईन, आणि तुम्हा दोघींमधला एक शब्दही खाली पडू देणार नाही. आईला तुला विचारायचंय, की त्या दिवशी गाडीत तू रडत होतीस का. इतकी वर्षं तिला तेवढंच जाणून घ्यायचंय.

ये, ताई. तिला तूच सांग.

तुझं,
वळणाच्या अलीकडे राहिलेलं
शेंडेफळ