उडी काढायची रेघ

माय, सगळ्यात आधी आली ती मरोद्याले राहणारी माझी जाऊ. तिले कोणी बोलावलं नव्हतं, पण आमच्याकडं पाहुणे येणार हे तिले घरबसल्या समजते. आली तशी दिवाणावर पाय वर घेऊन बसली अन् म्हणे, "काय बाई, या वयात तुले काम लागून राहिलं म्हणते." मी म्हटलं, काम नाही, भिंत आहे. तेवढ्यात नात आली, तिच्यामागं तिच्या खेळाच्या मॅडम, दारातून वाकून यावं लागलं अशा उंच बाई, अन् टीमच्या दोघी पोरी. मी चहा ठेवला तो उतू गेला, मग दुसरा ठेवला, त्यात साखर टाकायचीच राहिली. सकाळपासून माझा जीव एका जागी नाही. हे लिहायले बसली तर तेवढ्यात उठून एकदा फाटकापाशी जाऊन आली, कशाले गेली तेही आठवत नाही.

गोष्ट अशी आहे. आमच्या सेक्टरातल्या, प्लांटच्या कॉलनीतल्या मैदानावर पोरी बास्केटबॉल खेळतात, त्या कोर्टामागं लांब भिंत आहे. तिच्यावर खेळणाऱ्या पोरींची चित्रं पाहिजेत. मॅडम फ्लेक्स लावणार होत्या. आमच्या नातीनं सगळ्या टीमसमोर सांगून टाकलं, "फ्लेक्स क्यों? मेरी आजी बनाती है ना." आता बोल. मी भिंतीवर शेवटचं काढलं ते तिच्या बापाच्या लग्नात, अन् तेही मोर होते. मॅडमनं मोबाइलवर फोटो दाखवले. सगळ्या पोरी दात काढून उभ्या. म्हणाल्या, "आजी, ऐसा चाहिए. हर लड़की पहचान में आनी चाहिए." मी म्हटलं, माझी माय खेळणाऱ्या बाईले चेहरा काढत नव्हती. जाऊ लगेच म्हणे, "नाक जमत नसंल म्हातारीले." पोरी हसल्या, मीही हसली. पण मॅडम मनानं चांगल्या. म्हणाल्या, एक पोर कागदावर काढून ठेवा, आम्ही येऊन पाहतो. जमली तर सगळी भिंत तुमची, नाही तर फ्लेक्सवाल्याले सांगून टाकतो. नात बशीतलं बिस्कीट मोडत माझ्या हाताकडं पाहत बसली. टीमसमोर तिनं माझ्यासाठी तोंड उघडलं होतं, अन् आता तिचा शब्द राखणं माझ्या हातावर होतं.

माय, तुले तो वरांडा आठवते का? पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता तेव्हाचा आपला क्वार्टर, मागचा वरांडा, पांढरी भिंत. बाबा प्लांटात खलाशी, म्हणजे दिवसभर दोरानं ओढून लोखंड वर चढवायचे अन् घरी येऊन लाल धूळ थुंकायचे. गावी दिवाळीले तू मातीच्या भिंती गेरूनं भरायची. इथं चुन्याची भिंत पाहून आधी तर तू दोन दिवस तिले हातच लावला नाही. मग समोरच्या मैदानात त्या रशियन बाया, प्लांट बांधायले आलेल्या साहेबांच्या, खेळायले येऊ लागल्या. अर्ध्या चड्डीतल्या, गोऱ्या, चेंडू आपटत पळणाऱ्या. सगळ्या आयाबाया पदर तोंडाशी धरून कुंपणापाशी उभ्या. कोणी म्हणे, "हिच्या सासूले दिसत नसंल का?" कोणी म्हणे, "सासू रशियात हाये, इतक्या दूरून काय दिसते." तू मात्र हसत नव्हती. त्यातली एक पिवळ्या वेणीची बाई उडून चेंडू टाकायची, अन् ती उडाली की तुझी हनुवटी वर जायची. मी तुझा पदर धरून होती म्हणून मले ते समजायचं.

दुसऱ्या दिवशी तू तिले भिंतीवर काढलं, अन् काढलं ते आपण लक्ष्मी काढतो तसंच. तोंड समोर, दोन्ही पावलं सपाट, डोळे मोठे, चेंडू कमरेवर घागरीसारखा. शेजारीण पाहून म्हणाली, "नळावर नंबर लावून उभी हाये वाटते." तुले राग नाही आला. ओलं फडकं घेऊन तू पुसून टाकलं, भिंत तेवढी गुलाबी झाली. मग मले म्हणाली, "मुसळ घे."

मी मुसळ घेते. उखळात काहीच नाही. तू म्हणतेस, वर ने. मी नेते. म्हणतेस, थांब, तशीच थांब. मी टाचा उचलून, मुसळ डोक्यावर धरून उभी आहे, दंड भरून आले आहेत, अन् तू खाली बसून आडव्या बाजूनं मले पाहते आहेस. "पाहय, जोर हातात नाही. टाचेतून निघते अन् बोटातून जाते." मग तू शिंदीची ठेचलेली काडी गेरूत बुडवली, श्वास घेतला, अन् टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत एकच वाकडी रेघ ओढली. रेघ संपली तेव्हा श्वास सोडला. नुसती रेघ, पण ती उडाली होती. बाकीचं अंग तू त्या रेघेवर कपड्यासारखं टाकलं. वेणी उलट्या बाजूले फेकली, अंग वर तर वेणी मागं खाली. पायाखाली जमीन काढलीच नाही, बोटभर जागा सोडून खाली सावली टेकवली. रिंग अर्धीच काढली, म्हणाली, पुरी काढली तर घर बांधल्यासारखं होते, तिले जायले जागा पाहिजे. तिचा चेहरा कोराच ठेवला, खाली उभ्या बायांचेही डोळे नाही काढले, नुसत्या माना वर केल्या. मी मधीच घाईनं चेंडू काढायले गेली, तर हातावर चापट बसली. "चेंडू सगळ्यात शेवटी. आधी काढला तर माणूस त्याले लटकते." ती शिंदीची काडी तू मग मलेच देऊन टाकली.

प्लांटचे पुताईवाले आले अन् सगळं पांढरं करून गेले. मी रडली. तू कंबरेवर हात ठेवून भिंत पाहत म्हणाली, "बरं झालं, जागा झाली." मले तेव्हा तुझं डोकं फिरलं असं वाटलं होतं.

तर आज मॅडम गेल्या अन् मी कॅलेंडर उलटं करून बसली. पहिली पोर काढली. जाऊ गेली नव्हतीच, म्हणे, "दोरीवर कपडे टाकून राहिली का ही?" खरंच तशी दिसत होती. दुसरी चेंडूले लटकली, कारण जीवाच्या घाईत मी चेंडू आधी काढला होता. मग नातीले म्हटलं, मुसळ घे. घरात मुसळ नाही, मिक्सर आहे. जाळे काढायचा लांब झाडू दिला. तिनं तो वर धरला अन् म्हणाली, "आजी, ऐसे कोई नहीं कूदता. देख." झाडू टाकला अन् बैठकीतच दोन पावलं पळून उडाली. शोकेसमधले ग्लास वाजले. जाऊनं पाय आणखी वर घेतले. पण मी पाहिलं, माय. तुझी रशियन दोन्ही पाय जुळवून उडायची. ही एक गुडघा पोटापर्यंत ओढते, अन् रेघ तिच्या खालच्या पायातून जाते, वरच्यातून नाही. हे तुले माहीत नव्हतं. मले इतकं हसू आलं की जाऊ विचारते काय झालं. मी म्हटलं, पुन्हा उड. ती उडत राहिली, मी पाहत राहिली, शेवटी वरच्या मजल्यावरचे विचारायले आले.

मग काढली. खालच्या टाचेतून रेघ, त्यावर दुमडलेला गुडघा, वेणी मागं, सावली दूर. चेंडू शेवटी, हातात नाही, बोटांच्या जरासा वर. चेहऱ्याची जागा कोरी ठेवली. नात कागद घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात तिरपा धरून पाहिला. मी विचारलं, चेहरा काढू का? तर म्हणे, "काहे को? ये तो मैं हूँ. गर्दन मेरी है." अन् टीमच्या पोरींना फोटो पाठवायले पळाली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तू गेली तिथला पत्ता कोणाजवळ आहे. फक्त तुलेच सांगून राहिली, ती रेघ माझ्याच्यानं एका श्वासात झाली नाही. कमरेपाशी दम संपला, हात थांबला, जोड आला. त्यावर मी चड्डीचा पट्टा जाड काढून टाकला. दुसऱ्या कोणाले दिसायचा नाही. भिंतीवर तर ती रेघ माणसाएवढी लांब राहील, म्हणून तेव्हापासून चालता-चालता श्वास धरून पाहून राहिली आहे. मॅडम अन् पोरी बुधवारी येतो म्हणाल्या आहेत.